किडीच्या पोटातलं बिऱ्हाड

आनुवंशशास्त्र शिकवणं आणि कीटकांच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करणं, यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. तीही याच शहरात. औरंगाबाद होतं तेव्हा रुजू झाले, छत्रपती संभाजीनगर झाल्यावर निवृत्त झाले. जोडीला गावोगावच्या शाळा, शेतकरी मेळावे, महिला मंडळं अशा ठिकाणी विज्ञानावर बोलत राहिले. प्रयोगशाळा वेगळी आणि ही भटकंती वेगळी, असं पुष्कळ जण समजतात. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते या टिपणांत आहे. तुमचं काम निराळं असेल, पण वाचता वाचता तुम्हाला तुमचं काही आठवलं तर बरं वाटेल.

१. वारसा नुसता जनुकांचा नसतो, हे मला माव्याने शिकवलं. कपाशीच्या पानामागे चिकटून बसणारा मावा शेतकऱ्याला पुरता ओळखीचा आहे. तोच एखादा मावा काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा, दोन बारीक सुयांनी पोट उकलायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. आत ओळीने पिल्लं दिसतात. वाढलेल्या पिल्लांचे लालसर डोळेसुद्धा दिसतात. ही मादी नराविना पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटातही पुढच्या पिढीची सुरुवात झालेली असते. आजी, आई आणि नात एका थेंबात. त्यांच्या मधेमधे काही गुबगुबीत पेशी दिसतात. त्यांत बुखनेरा नावाचे जिवाणू ठासून भरलेले असतात. झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर, पण शरीर बांधायला लागणारी काही अमिनो आम्लं जवळपास नाहीतच. ती हे जिवाणू तयार करून देतात. त्यांच्याविना माव्याची वाढ खुंटते, वंश पुढे जात नाही. माव्याबाहेर बुखनेराही जगू शकत नाही. २००० साली जपानी संशोधकांनी त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा तो सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या त्याच्या नातेवाईकाचा ४६ लाखांच्या घरात असतो. घर मिळालं, तसं बुखनेराने बाहेरच्या जगात लागणारं सगळं सामान टाकून दिलं. हे बिऱ्हाड बसून वीस कोटी वर्षं तरी झाली असावीत, आणि ते आईकडून लेकीकडे जसंच्या तसं जातं.

मी जे आनुवंशशास्त्र शिकले त्यात वारसा म्हणजे गुणसूत्रं होती. माव्यानंतर मला ते आखूड वाटायला लागलं. पुढे लिन मार्ग्युलिस यांचा १९६७ सालचा निबंध वाचला. आपल्या पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, या कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. छापून यायच्या आधी तो निबंध एकामागून एक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज तीच गोष्ट शाळेत शिकवतात. माव्यातलं बिऱ्हाड ही जगावेगळी गोष्ट नाही, ती तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत घडून गेलेली आहे, हे लक्षात आलं त्या दिवशी मी कोणाशी फारसं बोलू शकले नाही.

२. जोडीतला जो नाजूक, तोच दोघांची मर्यादा ठरवतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या आसपास गेला की प्रयोगशाळेत पाळलेला मावा रोडावतो. उन्हाने मावा कमी होतो हे शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. वाटाण्यावरच्या माव्यात याचं एक कारण सापडलं ते २००७ साली. उष्णतेत तग धरायला मदत करणारं बुखनेराचं एक जनुक एका अक्षराच्या गळतीने निकामी होतं. मग कडक उष्णतेत जिवाणू घटतात आणि मागोमाग मावाही. पण तोच बदल थंड हवेत मात्र फायद्याचा ठरतो. हवामान बदललं की कोणती कीड वाढेल, कोणती घटेल, याचे अंदाज बांधताना आपण कीटक मोजतो, आतलं बिऱ्हाड मोजत नाही. हे काम मराठवाड्यात व्हायला हवं. इथला उन्हाळा त्यासाठी तयारच आहे.

३. निसर्गातून बोधकथा काढायचा मोह मी सोडून दिला आहे. गणेशोत्सवातल्या व्याख्यानात ‘सहजीवन’ म्हटलं की समोरचे लोक लगेच गुण्यागोविंदाने नांदण्याच्या गोष्टीची वाट पाहू लागतात. मग मी त्यांना वोलबाकियाबद्दल सांगते. १९२४ साली हर्टिग आणि वोलबाक या दोघांनी अमेरिकेतल्या घरगुती डासाच्या बीजकोशात हा जिवाणू पाहिला. आज असं मानतात की निम्म्याच्या आसपास कीटकप्रजातींमध्ये तो आहे. तो आईकडूनच पुढे जातो, म्हणून नर त्याच्या उपयोगाचा नाही. काही किड्यांत तो नर अंड्यातच मारतो. काहींत नराची मादी करतो. पुष्कळ ठिकाणी तो असलेल्या नराचा तो नसलेल्या मादीशी संग झाला तर अंडीच उबत नाहीत. ढेकणाला मात्र तोच ब जीवनसत्त्वं पुरवतो. पूर्व विदर्भात हत्तीरोगाने पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे पाय सुजवणाऱ्या जंतालाही तो इतका गरजेचा आहे की डॉक्सिसायक्लिनने वोलबाकिया मारला तर जंताची मादी वांझ होते.

मग हा जिवाणू सज्जन की दुर्जन? हा प्रश्नच त्याला लागू होत नाही. मात्र त्याने लादलेली परिस्थिती यजमान निमूट सोसत नाही. सामोआ बेटांवर, आपल्याकडेही दिसणाऱ्या हिपोलिम्नास बोलिना या फुलपाखरात नरांचं प्रमाण २००१ साली जेमतेम एक टक्का उरलं होतं. २००६ पर्यंत ते चाळीस टक्क्यांच्या घरात गेलं, कारण नरांना वाचवणारा एक जनुकीय बदल त्या फुलपाखरांत झपाट्याने पसरला. जेमतेम दहा पिढ्या. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

४. जे दाखवता येतं ते समजावून सांगायला लागत नाही. माझ्या शाळाभेटींतलं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे उंबर. वेरूळच्या वाटेवरच्या एका शाळेत हा पाठ पहिल्यांदा नीट जमला. आवारातच उंबर होता, खोडाला लगडलेला. फळं तोडायला गेले तर तिथल्या एक वयस्क मदतनीस बाई म्हणाल्या, “ताई, औदुंबर आहे तो. दत्ताचं झाड. तोडू नका, खाली पडलेत तेवढे घ्या.” मी खाली पडलेली घेतली, आणि जी हवी होती ती त्यांनीच नमस्कार करून दोन-चार काढून दिली. मुलं म्हणाली, “आम्ही नाही खात, किडे असतात त्यात.”

ब्लेडने एक फळ उभं चिरलं. आत शेकडो बारीक फुलं, भिंतीला लागून दाटीने उभी. उंबराला फूल येत नाही असं ऐकत मोठी झालेली ती मुलं आधी त्या फुलांकडेच बघत राहिली. दुसरं फळ थोडं पिकायला आलेलं होतं. ते चिरल्याबरोबर दोन मिलिमीटरच्या काळसर माश्या भराभर बाहेर पडून एकीच्या वहीवर, एकाच्या मनगटावर बसल्या. तळाशी पिवळट, बिनपंखाचे नर वळवळत होते. मी सांगत गेले : मादी फळाच्या टोकाच्या चिंचोळ्या वाटेने आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, ती आणलेले पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांमधले नर आधी जागे होतात, माद्यांशी संग करतात, मग सगळे मिळून भिंतीला भोक पाडतात. माद्या पराग घेऊन त्यातून उडून जातात. नरांनी बाहेरचं जग पाहिलेलंच नसतं. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. ती माशी नाहीशी झाली तर त्या झाडाला बी धरणार नाही.

एका मुलीने न चिरलेलं फळ माझ्यापुढे धरलं. त्यावर लांब शेपटीची एक माशी बसून फळाच्या सालीत सुईसारखं काहीतरी खुपसत होती. “बाई, ही बाहेरूनच काय करतेय?” ती परोपजीवी माशी होती. पराग न आणता बाहेरूनच अंडी घालणारी, ठरलेल्या व्यवहारातली फुकटी. असे फुकटे असूनही उंबर आणि त्याची माशी इतकी कोटी वर्षं टिकून कशी राहिली, या प्रश्नावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. सातवीतल्या मुलीचं बोट नेमकं त्याच ठिकाणी गेलं होतं. त्या मदतनीस बाई शेवटपर्यंत मागे उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, “इतक्यांचा संसार आहे होय आत.” त्यांची श्रद्धा आणि माझं विज्ञान त्या तासात एकमेकांच्या आड आलं नाही. लोकांपुढे जाताना मी हे लक्षात ठेवते.

५. नमुना एकाचा घेतला तरी उत्तर दोघांचं येऊ शकतं. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगसाठी पॉल हेबर्ट यांच्या नावाचं केंद्र आहे. हेबर्ट यांनी २००३ साली सुचवलं की तंतुकणिकेतल्या एका जनुकाचा छोटा तुकडा वाचून प्राण्याची जात ओळखता येईल. पद्धत उत्तम आहे, जगभर चालते. मात्र कीटकांच्या बाबतीत सावध राहावं लागतं. तंतुकणिका आईकडून येते आणि वोलबाकियाही आईकडून येतो. एखाद्या प्रजातीत वोलबाकिया पसरला की त्याच्यासोबत आलेली तंतुकणिकाही सगळीकडे पसरते. दोन वेगळ्या जाती एकसारख्या दिसू शकतात, किंवा एकच जात दोन वाटू शकते. कधी तर यंत्रातून कीटकाऐवजी जिवाणूचाच तुकडा वाचून येतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की निकाल हातात आला की आधी विचारा, हे नेमकं कोण बोलतंय?

६. शेतकऱ्याचा प्रश्न टाळून विज्ञान पुढे जात नाही. पैठण तालुक्यातल्या एका मेळाव्यात मी मोसंबीवरच्या सायलाबद्दल बोलत होते. नवतीवर बसून रस शोषणारी ही बारीक कीड. तिच्या शरीरात राहणाऱ्या एका जिवाणूचा जनुकसंच २००६ साली दुसऱ्या एका सायलातून वाचला, तेव्हा तो फक्त १ लाख ६० हजार अक्षरांच्या आसपास निघाला, जिवाणूंमध्ये तोवरचा सर्वांत छोटा. दुसरा एक जिवाणू तिच्यासाठी विष तयार करतो. आणि ग्रीनिंग रोगाचा जिवाणूही तिच्यातूनच झाडात जातो. माझ्या मते व्याख्यान रंगलं होतं. मागच्या रांगेतले एक काका उठले. “मॅडम, समदं खरं. पण फवारायचं काय, तेवढं सांगा.”

या प्रश्नाला हसू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. काय फवारायचं हा जिवाचा प्रश्न आहे. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं : सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क, नवती फुटताना बागेत फिरून पाहणी, आणि ढालकिडे, क्रायसोपा दिसत असतील तर कडक औषधाची घाई नको, कारण ते सायला आणि मावा खातात. आणि हेही सांगितलं की किडीच्या आतल्या जिवाणूंवर मारा करणारं औषध आज बाजारात नाही. कोणी तसं म्हणून विकायला आलं तर घेऊ नका.

त्यानंतर काका माझ्याशी बोलत उभे राहिले. म्हणाले, “आमच्यात मुंगळे झाडावर चढाय लागले की समजायचं, चिकटा आला.” मुंगळे मावा आणि पिठ्या ढेकणाचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्यांना ढालकिड्यांपासून राखतात, हे पुस्तकात होतं. किडीची पाहणी मुंगळ्यांवरून करायची, हे मात्र मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माझ्या एका विद्यार्थ्याने पुढे पदव्युत्तर प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. विज्ञानप्रसार म्हणजे आपण सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा अशा मेळाव्यात जाऊन शेवटपर्यंत थांबावं.

७. विश्वास आधी पोहोचावा लागतो, डास मागून. डास सोडून रोग आटोक्यात आणायच्या कामात असणाऱ्या प्रत्येकाने तीन ठिकाणांच्या गोष्टी पाठ कराव्यात असं मला वाटतं. पहिलं ब्रह्मदेशातलं, रंगूनजवळचं ओक्पो गाव. १९६७ साली हान्नेस लाव्हेन या जर्मन आनुवंशशास्त्रज्ञाने तिथे विसंगत वाणाचे नर डास सोडले. त्यांच्याशी संग झालेल्या माद्यांची अंडी उबली नाहीत आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास काही आठवड्यांत गावातून नाहीसा झाला. हे वोलबाकियामुळे घडतं हे कळलं १९७१ साली. इलाज आधी झाला, कारण नंतर सापडलं.

दुसरं ठिकाण दिल्ली. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९७० साली तिथे डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र सुरू केलं. पैसा अमेरिकेचा होता. १९७४ साली वृत्तपत्रांतून आरोप झाले की या माहितीचा उपयोग जैविक युद्धासाठी होऊ शकतो. प्रश्न संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. सोनीपतला एडीस डास सोडायची तयारी झाली होती, ती थांबली आणि १९७५ मध्ये केंद्र बंद पडलं. त्या शास्त्रज्ञांचं काम चांगलं होतं. पण ज्यांच्या अंगणात डास सोडायचे, त्यांच्याशी आणि त्यांच्या वतीने प्रश्न विचारणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलणं हा कामाचाच भाग आहे, हे तेव्हा पुरेसं मानलं गेलं नाही. या विषयात देशाची कित्येक वर्षं त्यात गेली असं माझं मत आहे.

तिसरं ठिकाण इंडोनेशियातलं योग्यकार्ता शहर. तिथे वोलबाकिया असलेले एडीस डास सोडले. हा जिवाणू शरीरात असला की डेंग्यूचा विषाणू डासात नीट वाढत नाही. आधी वस्तीवस्तीत बैठका, लोकांची संमती, मग डास. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होणं ८६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने असे डास तयार केल्याचं २०२२ साली जाहीर केलं. पुण्यातही राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डासांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम केलं. २००२ साली त्यांनी क्युलेक्स डासातून जिवाणूची एक नवी जात वर्णन केली.

उद्या हे डास संभाजीनगरात सोडायचे ठरले, तर? आपल्या शहरातल्या कित्येक वस्त्यांत नळाला आठवडाभर पाणी येत नाही. घरोघरी ड्रम, टाक्या, बादल्या भरलेल्या. एका वस्तीत मी कोरडा दिवस पाळायचं महत्त्व सांगत होते. एक ताई शांतपणे म्हणाल्या, “ओतून देऊ मॅडम. पण परत कधी भरायचं ते तुम्ही सांगा.” त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिथून पुढे मी त्यांना पाणी ओतायला सांगितलं नाही. ड्रमला कापड घट्ट बांधा, आणि पाणी संपेल तेव्हा आतला काठ घासणीने खरवडून घासा, एवढंच सांगते. एडीसची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी आलं की उबतात. हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की कापड बांधलं जातं. आणि डेंग्यूवर बोलायचं तर पाणीपुरवठ्यावर बोलावंच लागतं. ते राजकारण आहे म्हणून शास्त्रज्ञाने गप्प राहावं, हे मला पटत नाही.

८. उत्क्रांती आपल्या शेतात घडते, ती शेतकऱ्याला सगळ्यात आधी कळते. जानेवारी २०१८ मध्ये, आमच्याच शहरात, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही, आणि हे अभ्यासक्रमातून बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी लगोलग संयुक्त निवेदन काढून याचा प्रतिवाद केला. खुद्द तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधानं टाळायला सांगितलं.

त्या आठवड्यात मला बोलवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी मी बोंडअळीवर बोलले. कारण तोच हिवाळा होता. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भाची कपाशी खाल्ली होती. बोंड उघडलं की आत किडकी सरकी आणि डागाळलेली रुई. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी बीटी कपाशी आपल्याकडे २००२ साली आली, दोन विषांची बीटी २००६ साली. पहिल्या विषाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. काही वर्षांत ती दुसऱ्यालाही पुरून उरली. अळीच्या आतड्यात बीटीचं विष ज्या प्रथिनाला धरतं, त्याच्या जनुकात बदल झालेल्या मोजक्या अळ्या वाचल्या. त्यांचीच पिल्लं पुढच्या वर्षी शेतात आली. डार्विनने नेमकं हेच सांगितलं होतं.

सभेत मी विचारायचे, “बियाण्याच्या पिशवीतली नॉन-बीटीची पुडी किती जणांनी लावली?” क्वचित एखादा हात वर व्हायचा. त्या पुडीचं काम शेतकऱ्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं. नॉन-बीटी झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग वाचलेल्या पतंगांशी जुळतात, आणि विषाला न जुमानणारा गुण पातळ राहतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून असे पट्टे लावले, पुढे वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ साली त्यांचा देश गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर झाला. आपल्याकडे कपाशी काढून टाकायच्या वेळी तीच झाडं राखून फरदड घेण्याची पद्धत, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. हातात दोन पैसे येतील तर तो फरदड घेणारच. पण उत्क्रांती हा परीक्षेपुरता विषय आहे असं मानून आपण तो शिकवला, याची किंमत बोंडाबोंडात मोजली गेली.

सभा संपल्यावर एक जण म्हणाले, “म्हणजे आम्हीच अळी निवडून निवडून घडवली की.” निवड या शब्दावर मी महाविद्यालयात कित्येक तास घालवले आहेत, इतक्या नेमकेपणाने कोणी वापरलेला ऐकला नव्हता.

९. वाद जिंकण्यापेक्षा वर्गात धडा शिकवला जाणं महत्त्वाचं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर बोलताना आमच्यातल्या अनेकांचा आवाज खाली आला होता, काहींचा कायमचा. मी त्यांना दोष देत नाही. मला धीर आला तो शिक्षकांकडे पाहून. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, आणि ते रोज सकाळी अकरा वाजता वर्गात जाऊन बजावणारे लोक शिक्षकच आहेत.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाचं २०१८ साली आलेलं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ उघडून पाहा. त्यातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की तो ‘घरी वाचून या’ म्हणून सोडू नका. शाळा कपाशीच्या पट्ट्यात असेल, तर वर्गात एक किडकं बोंड घेऊन जा आणि तिथून सुरुवात करा.